डार्ट फ्रॉगच्या टेरेरियममध्ये पुन्हा पुन्हा होणारा चिखल : लक्षणे, तपासण्या आणि उपाय

डार्ट फ्रॉग या लहान, रंगीत बेडकांसाठी टेरेरियम, म्हणजे जमीन आणि झाडे असलेली काचेची पेटी, मांडून काही महिने उलटले की एक तक्रार हमखास ऐकू येते. जमीन चिकचिकीत झाली आहे, काचेआडचे काही दिसत नाही, आणि एवढे असूनही हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ती कमीच दाखवतो. स्वतःच्या आणि इतरांच्या टेरेरियममधला हा बिघाड अनेकदा दुरुस्त केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की त्याच्या मुळाशी सहसा एकच गैरसमज असतो : हवेतला दमटपणा आणि जमिनीत मुरलेले पाणी ही एकच गोष्ट मानली जाते. या बेडकांना दमट हवा आणि मधूनमधून सुकणारी जमीन अशी दोन्ही एकाच वेळी हवी असतात. उपकरणे आणि साहित्य निवडताना हा फरक नजरेआड झाला की आर्द्रतेचा आकडा वाढवण्यासाठी केलेली प्रत्येक खरेदी जमिनीत आणखी पाणी ओतते.

लक्षणे

सुरुवात बहुधा समोरच्या काचेपासून होते. फवारणीनंतर धुरकट झालेली काच काही तासांत निवळायला हवी. ती दिवसभर तशीच राहू लागली तर आत हवा खेळत नाही असे समजावे. त्यानंतर जमिनीवरचे मॉस तपकिरी आणि बुळबुळीत होते, झाडांचे बुंधे जमिनीलगत काळे पडतात, आणि पालापाचोळ्याची पाने सुटी न राहता एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो. बुरशी खाणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव वरच्या पृष्ठभागावर आणि काचेच्या कडांना गोळा होतात व पुढे दिसेनासे होतात. जमीन म्हणून भरलेल्या मिश्रणात वाढणाऱ्या बारीक काळ्या माश्यांची संख्या अचानक वाढते. दार उघडताच आधी आंबूस आणि नंतर सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. हा दुसरा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तळाच्या थरातला प्राणवायू संपला आहे हे त्यावरून कळते.

बेडकांचे वागणेही पाहावे, मात्र जातीचा विचार करून. डेंड्रोबेटिस टिंक्टोरियस किंवा फायलोबेटिस टेरिबिलिस हे मुख्यतः जमिनीवर वावरणारे बेडूक आहेत. ते दिवसचे दिवस काचेला किंवा फांदीला चिकटून राहिले तर जमीन त्यांना नकोशी झाली आहे हे उघड आहे. रॅनिटोमेया वंशातल्या लहान जाती मुळातच उंचावर चढतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे लक्षण धरता येत नाही.

पोट किंवा पायांच्या आतल्या बाजूला लाली, बोटांवर जखमा, सुजलेले अंग, थरथर किंवा खाणे बंद होणे यांपैकी काही दिसत असेल तर खालच्या तपासण्या बाजूला ठेवून थेट शेवटचा भाग वाचावा.

आकडा खरा आहे का?

पहिली तपासणी जवळपास फुकट होते. हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, शेजारी लहान वाटीत साधे मीठ घेऊन ते ओलसर होईल पण विरघळणार नाही एवढेच पाणी त्यात घालावे, आणि डबा खोलीच्या तापमानाला रात्रभर बंद ठेवावा. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर स्थिरावते. त्यामुळे यंत्र ६५ दाखवत असेल तर ते दहा टक्के कमी सांगते हे समजते. काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर या परीक्षेत बऱ्याचदा नापास होतात. डिजिटल यंत्रे बरी असतात, परंतु त्यांचा संवेदक सतत ओला राहिला तर तीही भरकटतात, म्हणून यंत्र फवाऱ्याच्या थेट माऱ्यात न लावता टेरेरियमच्या मधल्या उंचीवर, आडोशाला लावावे.

यंत्र खरे निघाले तरी आकड्याचा अर्थ लावताना तापमान विसरून चालत नाही. २२ अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त असलेली हवा दिव्याच्या उष्णतेने २६ अंशांवर गेली तर तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ७९ टक्क्यांच्या आसपास उतरते. दुपारी दिसणारी बरीचशी घट अशी असते. ती पाहून फवारा वाढवणारा माणूस कोरड्या नसलेल्या हवेवर उपचार करत असतो आणि त्याचे पाणी जमिनीत साठत जाते. फवारणीनंतर ९० च्या वर आणि दोन फवारण्यांच्या मध्ये ७० च्या आसपास अशी चढउतार असेल तर त्यात बिघाड काहीच नाही.

आत किती पाणी जाते, हे मोजावे

मिस्टिंग पंप, म्हणजे नोझलमधून बारीक फवारा मारणारा पंप, असलेल्या बहुतेकांना दिवसाला किती पाणी आत जाते हे सांगता येत नाही. नोझलचे तोंड बरणीत धरून पंप एक मिनिट चालवावा आणि बरणीतले पाणी मोजावे. समजा ते ८० मिलिलिटर भरले. दोन नोझल आणि दिवसातून चार वेळा प्रत्येकी एक मिनिट अशी वेळ लावली असेल तर रोज ६४० मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला जवळजवळ साडेचार लिटर पाणी आत जाते. ४५ सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तळावर हे पाणी सव्वादोन सेंटिमीटर उंच उभे राहील, आणि मिश्रणाखाली जाड गोळे भरून केलेल्या निचऱ्याच्या थरात निम्म्याहून अधिक जागा गोळ्यांनीच व्यापलेली असल्याने तेथे त्याची पातळी पाच सेंटिमीटरच्या आसपास जाईल. झाकण बंद असताना बाष्पीभवनाने यातले थोडेच बाहेर पडते. हा हिशेब एकदा मांडला की चिखलाचे कोडे बऱ्याच वेळा तिथेच सुटते.

माझा सल्ला असा की सुरुवात दिवसातून दोन किंवा तीन वेळा, १५ ते ३० सेकंदांच्या फवारणीने करावी आणि आठवडाभर पालापाचोळ्याकडे पाहावे. पुढच्या फवारणीपूर्वी वरची पाने सुकलेली पण खालची ओलसर असतील तर प्रमाण बरोबर आहे. यासाठी टायमर सेकंदांत लावता येणारा घ्यावा. विजेची साधी उपकरणे चालू-बंद करणाऱ्या बऱ्याच टायमरमध्ये सर्वांत लहान टप्पा एक मिनिटाचा किंवा पंधरा मिनिटांचा असतो, आणि तो पंपाला जोडला की पाण्याचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो.

पंप बंद झाल्यावर नोझल ठिबकते का, हेही याच वेळी पाहावे. नळीत अडकलेले पाणी तासन्तास एकाच जागी थेंब थेंब पडत राहिले तर तेवढाच कोपरा सडतो आणि बाकी जमीन चांगली असते. चेक व्हॉल्व्ह (पंप थांबताच पाणी अडवणारी झडप) असलेली नोझल घेतल्याने हे थांबते. ठिबकण्याचे दुसरे कारण तोंडाशी साचलेले क्षार हे असते. नोझल रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ धुतल्यावर ते जातात. क्षार पुन्हा पुन्हा येत असतील तर आरओचे पाणी वापरावे, त्यामुळे काचेवरचे पांढरे डागही थांबतात. नळाचेच पाणी वापरायचे असेल तर त्यातला क्लोरीन दिवसभर उघडे ठेवल्याने उडून जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी पाण्यात घालायचे निर्मूलक द्रव्य लागते. बेडूक पोटाच्या त्वचेतून पाणी शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट त्यांच्या शरीरात जाते.

फॉगरबद्दल येथेच सांगतो. आर्द्रता कमी दिसते म्हणून चिखल झालेल्या टेरेरियममध्ये फॉगर बसवणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय. त्यातून येणारे धुके दिसायला सुंदर असते, पण ते थंड होऊन जमिनीवरच बसते, आणि त्याच्या टाकीतले पाणी शिळे झाले तर त्यातले जिवाणूही त्या बारीक थेंबांबरोबर हवेत पसरतात. माझ्या दृष्टीने या यादीतली ही सर्वांत अनावश्यक खरेदी आहे.

तळाचे पाणी उपसणे

समोरून पाहिल्यावर गोळ्यांच्या थरातली पाण्याची पातळी दिसत असेल तर ती गोळे आणि मिश्रण यांच्या मधल्या जाळीपासून किमान दोन बोटे खाली असायला हवी. पाणी जाळीला टेकले की वरचे मिश्रण केशाकर्षणाने ते वर ओढत राहते आणि फवारणी पूर्ण बंद केली तरी जमीन सुकत नाही. एका कोपऱ्यात मिश्रण बाजूला सारून जाळीला लहानशी चीर पाडावी, तिच्यातून कडक नळी तळापर्यंत घालावी आणि सायफनने किंवा मोठ्या सिरिंजने पाणी काढावे. तोंडाने ओढून सायफन सुरू करू नये, कारण त्या पाण्यात विष्ठा मिसळलेली असते. नळी कायमची ठेवायची असेल तर तिला घट्ट टोपण लावावे; उघड्या नळीत बेडूक उतरून अडकू शकतो.

पाणी काढल्यावर जाळीच्या कडा पाहाव्यात. अनेक टेरेरियममध्ये मिश्रण काचेलगतच्या फटीतून खाली घसरून थेट पाण्यात उतरलेले असते, किंवा पार्श्वभूमीचा फोम अथवा कॉर्क तळापर्यंत नेलेला असतो. असा एक अरुंद पट्टासुद्धा रात्रंदिवस पाणी वर चढवत राहतो. त्यामुळे जाळी तळापेक्षा थोडी मोठी कापून तिच्या कडा मिश्रणाच्या उंचीपर्यंत वर वळवाव्यात. ती फायबरग्लासची असावी. तांब्या-पितळेची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आत वापरू नये, कारण या धातूंचे अंश उभयचरांना घातक ठरतात.

झाकण आणि हवेचा मार्ग

येथे दोन टोकांच्या चुका आढळतात आणि गंमत अशी की दोन्हींचा शेवट चिखलातच होतो. ज्याचे झाकण पूर्ण जाळीचे असते त्याची हवा भराभर कोरडी होते, म्हणून तो दिवसभर फवारे मारतो. ज्याचे झाकण पूर्ण काचेचे असते त्याचे थोडे पाणीही बाहेर पडत नाही. दोघांनाही उपाय एकच आहे : वरच्या भागाचा मोठा हिस्सा काचेने झाकावा आणि बारीक जाळीची एक अरुंद पट्टी मोकळी ठेवावी. समोरच्या दारांखाली हवेची फट असलेले टेरेरियम घेतले असेल तर वरची पट्टी शक्यतो पुढच्या बाजूला ठेवावी. दिव्याने तापलेली हवा वर जाते, खालच्या फटीतून नवी हवा आत येते आणि समोरच्या काचेला घासत वर चढते, त्यामुळे काच निवळते आणि जमिनीचा पृष्ठभागही सुकतो. जाळीची छिद्रे डासांच्या जाळीपेक्षा बारीक असावीत. खाद्य म्हणून सोडलेल्या मेलानोगॅस्टर फळमाश्या मोठ्या छिद्रांतून सहज बाहेर पडतात.

एवढे करूनही हवा साचलेली वाटत असेल तर १२ व्होल्टचा लहान संगणकी पंखा फवारणीनंतर थोडा वेळ चालवावा. तो आतलीच हवा फिरवणारा असावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाळी असावी. तळाखाली उष्णतेची चटई मात्र ठेवू नये. तिच्यामुळे निचऱ्यातले पाणी वाफ होऊन वर येते, काच पुन्हा धुरकट होते आणि मुळे उबेत शिजतात. बहुतेक डार्ट फ्रॉगना २१ ते २६ अंश तापमान पुरते. ३० अंशांच्या जवळचे तापमान त्यांच्या जिवावर बेतू शकते. खोली थंड असेल तर खोलीच उबदार करणे अधिक सुरक्षित असते.

मिश्रणाची परीक्षा

लाकडी पातळ काडी चार-पाच ठिकाणी तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. किती उंचीपर्यंत ती काळी आणि ओली झाली आहे, आणि तिला कसला वास येतो, यावरून खोदकाम न करता आतली स्थिती कळते. त्यानंतर मूठभर मिश्रण घेऊन दाबावे. दोन-चार थेंब पडणे ठीक. बोटांमधून धार लागली आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर मिश्रणच बदलायला हवे.

निचऱ्याच्या थराबद्दल एक समजूत फार घट्ट बसली आहे. बारीक मिश्रणाखाली जाड गोळे घातले की पाणी आपोआप खाली ओघळेल, असे मानले जाते. प्रत्यक्षात बारीक कणांमधल्या अरुंद पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहज सोडत नाहीत. मिश्रणाचा तळ संपृक्त होऊन वरून आणखी पाणी आले तरच ते खाली पडते. त्यामुळे गोळ्यांच्या लगेच वर एक ओला पट्टा कायम राहतो, आणि त्याची उंची मिश्रणाचे कण किती जाड आहेत यावर ठरते. गोळ्यांचा थर दुप्पट केला तरी ती कमी होत नाही. भिजलेला स्पंज आडवा धरून निथळू दिला आणि ठिबकणे थांबल्यावर तो उभा केला तर पुन्हा पाणी गळू लागते, ते याच कारणाने. निचऱ्याच्या थराचे काम जादा पाणी मुळांपासून दूर साठवणे एवढेच आहे, आणि त्यासाठी पाच ते सात सेंटिमीटर पुरतात.

केवळ कोको पीट भरलेले टेरेरियम म्हणूनच बिघडते. सुरुवातीला ते मऊ आणि मोकळे असते, पण कालांतराने दबून त्यातल्या हवेच्या जागा बुजतात. अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावावरून ओळखले जाणारे एबीजी मिश्रण टिकते, कारण त्यात जाड आणि सावकाश कुजणारे घटक अधिक आहेत : ट्री फर्नचा तंतू दोन भाग, ऑर्किडसाठी वापरतात ती झाडाची साल दोन भाग, आणि पीट, बारीक केलेले स्फॅग्नम मॉस व कोळशाचे तुकडे प्रत्येकी एक भाग. तयार पाकीट घेतले तरी घटकांची नावे वाचावीत. कुंड्यांसाठीच्या मातीत खते आणि पाणी मुरवणारी रसायने असतात. ती येथे नकोत.

मिश्रण पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे असावे आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर सुक्या पानांचा थर असावा. कीटकनाशक न मारलेल्या झाडांची जाड पाने, उदाहरणार्थ देशी बदामाची किंवा मॅग्नोलियाची, लवकर विरत नाहीत. या थराला मी उपकरणांइतकेच महत्त्व देतो, कारण बेडकाचे पोट ओल्या मिश्रणापासून दूर राहते ते त्याच्यामुळे, आणि स्प्रिंगटेल व लहान पांढऱ्या आयसोपॉडना (कवच असलेले बारीक जीव) राहायला जागा मिळते तीही तिथेच. हे जीव बुरशी आणि विष्ठा खाऊन जमीन मोकळी ठेवतात.

पूर्ण उपसणे

वरचे सर्व करून दोन-तीन आठवड्यांनंतरही अंड्यांचा वास येत असेल तर टेरेरियम रिकामे करण्याला पर्याय उरत नाही. बेडकांना झाकणाला छिद्रे असलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात, ओलसर केलेल्या पांढऱ्या कागदी रुमालावर ठेवावे, लपायला काही पाने द्यावीत, आणि कागद रोज बदलावा. हातात ओले, पावडर नसलेले मोजे असावेत. जुने मिश्रण टाकून द्यावे. ते वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, परंतु दबलेले मिश्रण वाळल्याने मोकळे होत नाही. गोळे धुऊन पुन्हा वापरता येतात. मऊ पडलेले, नखाने खरवडता येणारे लाकूड काढून कॉर्कची साल किंवा कठीण लाकूड घालावे. नवी मांडणी झाल्यावर स्प्रिंगटेल सोडून त्यांना काही आठवडे एकट्याने वाढू द्यावे आणि पाने उचलल्यावर ते सर्वत्र दिसू लागले की मगच बेडूक परत आणावेत.

कुठे थांबावे

काचेला भोक पाडून कायमचा निचरा बसवायची कल्पना चांगली आहे, पण टेरेरियमचा तळ टफन केलेल्या काचेचा असेल तर ड्रिल लावताच पूर्ण काच फुटते. काच कोणती आहे याची खात्री नसेल तर हे काम काचेच्या कारागिराकडे द्यावे. जोडातून पाणी झिरपत असेल आणि टेरेरियम मोठे असेल तर तेही त्यालाच दाखवावे. पंप, दिवा किंवा पंख्याला हात लावताना झिणझिण्या आल्या, अथवा सुरक्षा स्विच वारंवार पडू लागला, तर मुख्य वीजपुरवठा बंद करून वीजतंत्रज्ञाला बोलवावे. तोवर हाताने फवारणी करून भागते.

बेडकाच्या आजाराबाबत मात्र घरगुती प्रयोग अजिबात करू नयेत. पोट किंवा पाय लाल होणे, जखमा, अंगावर सूज, सतत कात टाकणे, पाण्यात बसून राहणे, आचके, किंवा माश्या समोर असूनही न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. यातली कित्येक लक्षणे सततच्या ओल्या जमिनीवर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे दिसतात, काही कॅल्शियमच्या कमतरतेमुळे, तर काही कायट्रिड बुरशीमुळे. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक कळत नाही. कायट्रिडचे १९९९ मध्ये शास्त्रीय वर्णन झाले ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या निळ्या डार्ट फ्रॉगपासून मिळालेल्या नमुन्यावरच. तिचे निदान त्वचेवरून फिरवलेल्या बोळ्याच्या प्रयोगशाळा तपासणीतून होते. अहवाल येईपर्यंत त्या टेरेरियममधले झाड, पाणी किंवा साधन दुसऱ्या टेरेरियममध्ये नेऊ नये, आणि उपसलेले पाणी ब्लीच मिसळून ठेवल्याशिवाय ओतू नये.

पशुवैद्याकडे जाताना बेडकाबरोबर ओल्या कागदावर घेतलेली ताजी विष्ठा, टेरेरियमचे छायाचित्र, तापमान व आर्द्रतेची नोंद, आणि माश्यांवर लावल्या जाणाऱ्या कॅल्शियम व जीवनसत्त्वांच्या पावडरीचा डबा न्यावा. त्यावर तो उघडल्याची तारीख लिहिलेली असावी, कारण उघडलेल्या पावडरीतली जीवनसत्त्वे काही महिन्यांत निकामी होत जातात आणि पशुवैद्य बहुधा त्याबद्दल विचारतात.